सुट्टे

शंभराची नोट, विसाचं तिकीट.
माझ्याकडे ऐंशी नव्हते.
तिकिटामागे पेनानं लिहिलं, ८० बाकी,
उतरताना मागून घ्या, म्हटलं, सवयीनं.
तो म्हणाला, राहू द्या.
आता नाही लागणार.

अकरा वर्षं झाली मला या सिंहगड रोडवर.
रुपयासाठी आईबाप काढणारे पाहिलेत,
दोन रुपयांसाठी डेपोपर्यंत मागं आलेले
एक रिटायर्ड मास्तर पाहिलेत.
पुण्यात ऐंशी रुपये सोडणारा माणूस
नव्हता पाहिला.

दांडेकर पूल गेला. राजाराम पूल गेला.
शेवटची गाडी, चढणारं कुणी नाही.
तो खिडकीशी. इस्त्रीचा शर्ट.
मनगटावर घड्याळाचा नुसता पांढरा पट्टा.
मांडीवर कापडी पिशवी, रिकामी,
तिची घडी घालायचा, उलगडायचा,
परत घालायचा.
मी हिशोब लावत बसले. तीनदा चुकला.

धायरीला सगळे उतरले. तो नाही.
ढमालेमामांनी इंजिन बंद केलं
आणि एकदम ऐकू आलं
की गाडीत कुणीतरी श्वास घेतंय.

मी त्याच्याशेजारी बसले, मध्ये पिशवीएवढी जागा सोडून.
मी कुंदा, म्हटलं. कुंदा शिळीमकर.
तुमचं?
दिगंबर.

आता विचारायचं कसं?
विचारलं आणि त्याच्या डोक्यात नसलेलंच भरलं तर?
पण मग वाटलं, असलंच तर ते तिथं
एकटंच बसलं असेल, याच्यासारखं.
म्हणून सरळ विचारलं, तिकीट विचारावं तसं:
दिगंबरभाऊ, जीव द्यायचं मनात आहे का?

त्यानं पिशवीची घडी पुरी केली.
हो म्हणाला.
इतक्या हळू, की मामांनी
आरशातून माझ्याकडे पाहिलं,
मग आरसाच वळवला.

सगळं नीट होईल, हे ओठांवर आलं होतं.
बायकापोरांचा विचार करा, तेही.
गिळलं. माझ्याकडे
तेवढे सुट्टे नव्हते.
म्हटलं, बोला. मला घाई नाही.
(होती. पोरगं घरी जागं होतं, दोन मिस कॉल.)

तो बोलला. ते इथं नाही सांगत,
ते त्याचं आहे.
मामांनी थर्मासच्या झाकणात चहा आणला,
थंडच होता, त्यानं प्यायला.

कुणाला फोन लावू?
बराच वेळ कुणीच नव्हतं.
मग म्हणाला, मेव्हणा आहे एक, वारज्याला.
पण भांडण आहे.
असू द्या भांडण, नंबर सांगा.

मेव्हणा यायला चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात डेपोच्या भिंतीवरच्या हेल्पलाइनला लावला,
स्पीकरवर ठेवला, मी हलले नाही.
पलीकडची बाई मराठीत बोलत होती,
त्यालाही घाई नसल्यासारखी.

मेव्हणा आला चप्पल उलटसुलट घालून.
काही बोलला नाही, नुसती
त्याच्या हातातली पिशवी घेतली
आणि आपल्या काखेत धरली.

तोवर माझ्याकडे ऐंशी जमले होते.
दिले नाहीत.
मुद्दामच. म्हटलं, तिकीट जपून ठेवा, बाकी आहे,
दुपारच्या पाळीला याच गाडीवर असते मी.

अजून आला नाही.
ऐंशी रुपये वेगळ्या कप्प्यात आहेत, चुरगळलेले.
मेव्हण्याचा फोन आला होता एकदा.
कसे आहेत, विचारलं.
आहे, म्हणाला.
गाडी सुटत होती, शिट्टी तोंडात होती,
मी वाजवायची विसरले.