रुमालाखालचं

शाहूपुरीत तेव्हा गुळाचा सौदा तोंडानं होत नसे.
दोन हात, वर एक रुमाल,
आत बोटं बोटांना धरायची
आणि वर दोघंही आढ्याकडं बघत
पावसापाण्याचं बोलायची.

चंपाक्का ही भाषा सातव्या वर्षी शिकल्या,
अण्णाप्पा शेट्यांची एकुलती एक,
रव्यांच्या थप्पीवर बसून, फ्रॉकला गूळ.
वडील गेले तेव्हा वाट्याला आलं ते असं:
अडत दुकान, दोन गाळे,
कळंब्याकडची अठरा एकर उसाची,
आईचा साज, एकवीस पानांचा, कधीच न घातलेला,
आणि मी.
मी म्हणजे दिवाणजी. खतावणीत माझं पान शेवटून तिसरं.

लग्नाचं विचारू नका.
निपाणीचं एक स्थळ आलं होतं, तंबाखूवाले.
त्यांनी आधी गाळे मोजले.

दुपारी चारपासून दिवस मावळेपर्यंत माणसं यायची.
मावळायच्या आत अक्का जेवायच्या,
मग कुणासाठी दार नाही.
कुणाची नर्सिंगची फी, कुणाच्या बापाच्या फुफ्फुसात पाणी,
आंबेवाडीच्या एका शिंप्याची मशीन
पंचगंगेनं नेलेली, पायट्यासकट.
"बोलू नको," अक्का म्हणायच्या,
"तोंडानं मागितलं की तोंडाला त्याची चव राहते."
आणि पदराखालून हात पुढं. "धर."

पन्हाळ्याकडची एक पोर, बायडी की काय नाव,
पाची बोटं धरून हुंदके द्यायला लागली.
अक्कांनी माझ्याकडं बघितलं.
"पावसाचं काय म्हणतायत, दिवाणजी?"
"उघडीप आहे," मी म्हणालो.
एप्रिल चालला होता.

पाचशे की पाच हजार, ते चेहऱ्यावरनं ठरायचं.
एकानं साडेचार हजार परत आणून दिले
तर त्याच्यावरच उखडल्या,
"माझा अंदाज चुकवतोस होय रे?"

खतावणीत ह्याला नाव नव्हतं. मी 'घट' लिहायचो.
गुळाला घट येतेच.
इन्कम टॅक्सचे साहेब म्हणाले, एवढी?
म्हटलं, साहेब, मुंग्या लई.

मुलींच्या वसतिगृहावर संगमरवरात नाव घालायचं ठरलं.
अक्का जिना चढून सगळं बघून आल्या.
"आधी संडासाला आतनं कडी लावा.
नाव कडीवर घाला, बसलं तर."

पण देवी नव्हत्या, हे मी लिहून ठेवतो.
हमालांनी रव्यामागं चार आणे वाढवून मागितले,
दत्तू कुरणे पुढं होता, टोपी हातात,
तेव्हा पदर हलला नाही.
तोंडानंच नाही म्हणाल्या, आणि मोठ्यानं.
मागणाऱ्याला सैल, हक्क सांगणाऱ्याला आवळ,
असा हात होता तो.
माझा पगार? एकतीस वर्षांत दोनदा वाढला.
मी हात पुढं केला नाही.
त्यांनीही नाही.

गाळे गेले. ऊस गेला.
साज गुजरीत पान पान करून उतरला,
सोनार दर वेळी म्हणायचा, अख्खा द्या की, बाई.

राजारामपुरीतल्या दवाखान्यात, शेवटच्या आठवड्यात,
चादरीखालून हात आला.
मी आजूबाजूला बघितलं. मागणारा कुणी नव्हता.
मग कळलं, माझीच बोटं धरतायत.
चार.
"चारशे, अक्का? हजार?"
त्या खिडकीकडं बघत होत्या.
"पावसाचं काय म्हणतायत?"

चार दिवस म्हणाल्या असतील. चार खांदे.
किंवा रव्यामागं ते चार आणे, सव्याज.
होते नव्हते तेवढे मी हमालांत वाटले.
कुरणेच्या थोरल्यानं घेतले, मोजले,
आणि म्हणाला, "हे कशाचे?"
मला सांगता आलं नाही.

दुकान आता फरशीवाल्याचं आहे.
मुंग्या अजून येतात.