तेवीस किलो

पहाटे साडेतीनला साखर पेठेतून निघालो.
शहाबादी फरशीवर बॅगेची चाकं खडखडली तशी
नाना म्हणाले, गल्ली झोपलीय,
आणि तेवीस किलो डोक्यावर घेतले,
टॉवेलचा गठ्ठा घ्यायचे तसे.

एका कारखान्यात रात्रपाळीचे माग चालू होते.
तिथून पुढे त्यांची पावलं
मागाच्याच ठेक्यात पडत राहिली.

बोटीवर काम काय गं तुला?
टॉवेलच्या घड्या, नाना.
हंस करायचा, हत्ती करायचा,
पाहुण्यांच्या पलंगावर ठेवायचा.
घड्यांचा पगार?
मग स्टेशनपर्यंत गप्प.

समुद्र मी पाहिलेला नाही. त्यांनीही नाही.

फलाटावर बॅग उतरवली.
मान चोळत म्हणाले,
आपल्या मागावरचा एक टाकलाय आत,
अंग पुसायला.
त्याचा हत्ती करू नको.