तोळामासा

शेजारी म्हणतात, ठुशीची प्रकृती आता तोळामासा.
मी सोनार. मला ते शब्दशः कळतं.

खेतवाडीतल्या खोलीत, माझ्या गोळ्यांच्या डब्याशेजारी
धनजी स्ट्रीटवरून आणलेला काटा आहे,
काचेच्या पेटीतला, श्वासानेही हलणारा.
बेचाळीस वर्षं त्यावर लोकांची लग्नं तोलली.
आता उकडलेल्या कोंबडीचे रेषे.

ठुशी सतराची.
गाळा चालू होता तेव्हा भरायची साडेतीनशे तोळे,
परवा परळला अडीचशे.
शंभर तोळे!
एखाद्या कारागिरानं एवढी घट दाखवली असती
तर त्याची गादी उलटी करून झाडली असती मी.

डॉक्टर बिलिमोरियांनी तिचं पोट चाचपलं, डोळे मिटून,
दागिन्यातली पोकळ जागा शोधावी तसं.
मग कान टोचले, सोनाराचेच:
“दूध देते? बंद कर. सुका जवळा?
अरे बाबा, त्यात मीठ किती! तिची किडनी बघ.
आणि म्हातारी झाली म्हणून खाणं कमी नको करू, रेवणकर.
मांस तर जास्तीच लागणार.
आतडा आता पूर्वीसारखा ओढून घेत नाय.”

म्हणजे माल तोच, कस उतरत नाही.
हे लगेच कळलं.

तेव्हापासून वही.
गाळ्याचीच, लाल, अर्धी कोरी राहिलेली.
पहाटे पाच: डब्यातला लगदा, दोन तोळे, वर कोमट पाणी.
दहा: ओला बोंबील. बोंबलाचा काटा काढायचा,
मग बोंबील काट्यावर.
लाल भोपळा चिमूटभर, कुंथावं लागतं म्हणून.
मला इसबगोल, त्याच कारणासाठी.
महिन्यातून एकदा बी-बाराची सुई,
ती तिला. माझी राहूनच जाते.

थंड खात नाही. नाक मंदावलंय.
वाटी तळहातावर धरून बसतो,
अंगाइतकी ऊब येईपर्यंत.
सोनं याहून लवकर वितळतं.

मनकूबाय विचारते, मांजरीवर एवरा खरच?
विचारते, आणि एक बोंबील वर टाकते.

सकाळी वाळूची परात.
आमच्या गाळ्यातली राख पूर्वी झारेकरी विकत न्यायचे,
धुऊन, चाळून, गुंजभर सोनं काढायचे त्यातून.
आम्ही हसायचो त्यांना.
आता मीच उकिडवा बसतो, चाळणी हलवतो.
हरभऱ्याएवढे खडे, कोरडे.
मग तीन दिवस काहीच नाही, नुसती वाळू,
ती परातीत उभी, पाठीची कमान करून, माझ्याकडे बघत.
चौथ्या दिवशी, गुरुवारी,
मऊ, तपकिरी, लांबलचक, एकसंध.
मी नाशिकला मुलाला फोन लावला.
तो म्हणाला, बाबा, मीटिंगमध्ये आहे.

वरच्या मजल्यावरचे सावे म्हणतात,
या वयात मांजर म्हणजे नसती ब्याद.
कोणाच्या या वयात, ते सांगत नाहीत.

रात्री तीनला ती ओरडते,
खोलीच्या मधोमध, भिंतीकडे तोंड करून,
आपण कुठे आहोत ते विसरल्यासारखी.
उठतो. गुडघे वाजतात.
वाटी तळहातावर.
हुंगते, जाते, परत येते.
जीभ आधी माझ्या बोटांवर घासते,
कानशीसारखी, अजून धार आहे तिला,
आणि मग चार घास. पाचव्याला मान वळते.

उरलेलं काट्यावर घालतो.
वडिलांच्या मापात हिशेब करतो, सवयीनं:
एक तोळा दिला, सात मासे उरले.
डोळ्यांवर चष्मा नसतो, अक्षर वाकडं येतं.
“रात्री तीन. ठुशीनं पाच मासे खाल्ले.”

पुढे कधी कोणी वही उघडली
तर म्हणेल, बाप रे,
काय जेवायची ही मांजर.