इतिवृत्तात न आलेलं

विषय क्रमांक सहा:
वरच्या रानात अस्वलांची जोडी सोडण्याबाबत.
पाच होता खारबंधाऱ्याची दुरुस्ती,
सात, स्मशानशेडचे पत्रे.
मी लिहून घ्यायला बसले,
पेनाचं झाकण दातात.

वनक्षेत्रपाल साहेबांनी शाळेच्या फळ्यावर पडदा लावला.
नकाशात हिरवा पट्टा, घाटापासून खाडीपर्यंत.
आमची घरं दिसेनात.
म्हणजे होती,
पण पट्ट्याखाली.
साहेब म्हणाले, पूर्वी इथे अस्वलं होतीच की.
पूर्वी म्हणजे कधी, कुणी विचारलं नाही.
मी लिहिलं: पूर्वी.

शेवंती घाडी उठली. बोंडांच्या दिवसांत
ती पाचला काजूत असते, वाकून,
आणि अस्वलही, साहेबच म्हणाले, साधारण त्याच वेळी.
"तो बोंड खातलो, बी टाकतलो.
मगे ती बी कोणाची?"
सगळे हसले. ती उभीच राहिली.
साहेब मला म्हणाले, मुद्दा नोंदवून घ्या.
नोंदवला.
बी कोणाची, तेवढी जागा कोरी सोडली.

देवदत्त सामंताच्या दोन खोल्या आहेत, चिऱ्याच्या,
खिडकीतून खाडी दिसते, पाहुणे दिसत नाहीत.
त्याला अस्वल नको, अस्वलाची पाटी हवी,
सावधान, आणि खाली चित्र.
लोक पाटीचाच फोटो काढतात, म्हणाला,
अस्वलाने आपलं वर राहावं.

मग जयवंत कुबल, खालच्या वाडीचा,
तीन माणसं गेली त्याच्या घरची, होडीसकट.
"दर्यान आमचे तीन खाल्ले.
दर्या हलवा म्हणान कोणी अर्ज केलो?"
सभा गप्प झाली. अशा बोलण्यानंतर होते तशी.
तेवढ्यात मागून कोणी तरी म्हणालं,
"दर्या कोणी गाडयेत घालून हाडूक नाय हो."
हे कोण बोललं, मला माहीत आहे.
लिहिलं: एक ग्रामस्थ.

धाकू झोरे दाराशी उकिडवा बसला होता.
धनगरवाडा सगळ्यात वर, रस्ता अजून नाही,
अस्वल सोडलं तर पहिलं दार त्याचं.
डाव्या बाजूला त्याला चेहरा नाही.
मधाच्या पोळ्याखाली दोघं समोरासमोर आले होते,
दोघंही घाबरले, तो सांगतो,
आणि पुढचं सांगत नाही.
सगळे हळूहळू त्याच्याकडे वळले,
ज्यांना हो हवं होतं ते, ज्यांना नको होतं तेही.
त्याने फक्त विचारलं,
"कितक्या वाजता सोडतलास?
माका फाटफटी झऱ्यार जावचा लागता."
साहेबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग कागदाकडे.
"रात्री. शक्यतो रात्री."
धाकूने बोटांवर काही मोजलं
आणि विडी पेटवायला बाहेर गेला.

त्याच्यामागून आणखी अकरा जण गेले.
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, तसा नियम आहे,
म्हणजे पुढल्या वेळी
जे कोणी चहाला थांबतील ते ठरवतील.

वही पिशवीत घालून मी वरच्या वाटेने निघाले.
झऱ्याच्या वळणावर, नेहमीच्या जागी, खाकरले.
आई इथे खाकरायची.
तिची आई कळशीवर कोयत्याची मूठ आपटायची, तीनदा.
लहानपणी वाटायचं, इथे देवचार असेल,
कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलं नव्हतं.
मला चौतीस वर्षं झाली.
माझ्या जन्माआधी रान रिकामं झालं
आणि आम्ही त्या रिकाम्या रानाला
रोज सांगत राहिलो:
येतेय मी, जरा बाजूला हो.

पिशवीत विषय सहा होता, कोऱ्या जागेसकट.
खाली भरती लागली होती, खारीत पाणी शिरल्याचा आवाज.
खाकरून झालं होतं.
तरी मी नेहमीपेक्षा
थोडी जास्त थांबले.