सहा सेंट

अठराशे डॉलर, असं पेटिंगिलबाई दोनदा म्हणाल्या.
एकदा मला, एकदा माझ्या हातांना.

मी हात धुऊन आलो. टेबलावर कापड अंथरलं.
मॉन्टपीलियरच्या लिलावातला
सतराशे चौऱ्याण्णवचा अंक
उघडताना वाजला नाही.
जुन्या सदऱ्यांच्या चिंध्यांचा कागद तो,
अजून सदऱ्यासारखाच वागत होता.

वर, नावाच्या मधोमध, गरुड.
म्हणजे असावा.
कोरणाऱ्यानं गरुड पाहिला नसणार,
कोंबडी मात्र रोज.
पोट टम्म, मान आखडलेली,
एका पंजात बाण, दुसऱ्यात फांदी,
चोचीत पट्टी, तिच्यावर स्वातंत्र्य;
शेवटचं अक्षर मावेना म्हणून चेपून बसवलेलं.
उजव्या पंखात पांढरी चीर:
ठशाचं लाकूड तडकलेलं.
चिरेच्या रुंदीवरून जाणकार म्हणे महिना सांगतात.

"मागची बाजू भिंतीकडे," बाई म्हणाल्या.
"काही नाही तिच्यात. जाहिराती."

खळ निवेपर्यंत मी वाचत बसलो.
काकवीची पिंपं आली आहेत.
तांबडी गाय हरवली आहे, एका शिंगाची.
तिसऱ्या रकान्यात, तळाशी, बोटभर जागेत
खुद्द छापखान्याच्या मालकाची सूचना:

पळाला आहे, शिकाऊ पोरगा, एसाहेल ड्विनेल,
वय सतरा. करारातली चार वर्षं बाकी.
अंगात करडा कोट, बटणं तीन, तिन्ही वेगळी.
डाव्या अंगठ्यावर पटाशीचा वण.
पक्षी, जहाजं वगैरे बरी कोरतो.
जाताना माझी लहान पटाशी नेली.
आणून देणाऱ्यास सहा सेंट. वाटखर्च नाही.

मी पान उलटलं.
मग पुन्हा उलटलं.

नंतरचे काही अंक पाहिलेत मी, दुसऱ्यांच्या चौकटींत.
दोन वर्षं हाच पक्षी,
चीर रुंदावत जाते, शेपूट झिजून ठिपका होतं.
दुसरा कोरायला होतं कोण?

बाईंना फोन केला.
"दोन्हीकडून काच लावू का? चाळीस डॉलर जास्त पडतील."
त्या हसल्या. "डेल्बर्ट, भिंतीला एकच बाजू असते."

बाहेर बर्फ. दुकानात मी, आणि हीटरची खरखर.
पाठीचा पुठ्ठा मापून कापला.
मग त्यात, तिसऱ्या रकान्याच्या तळाशी,
बोटभर खिडकी.
वरून तपकिरी कागद डकवला, एकाच कडेनं.

बिलात ती लावली नाही.