बट्टा

हेस्टिंग्जहून ओरला जाणाऱ्या बसवर
सतरा वर्षं मी तिकिटं फाडली.
खांद्याला चामड्याची पिशवी, अंगठा कायम काळा,
आणि बोटांना अशी सवय की
पेनी तळहातावर पडताच कळायचं
काठ झिजलाय की गाल.

एकदा चढावर, गाडी गिअर बदलताना,
एका म्हाताऱ्यानं दिलेली पेनी बोटाला खुपली.
राणीच्या कानापासून हनुवटीपर्यंत
कुणीतरी ठोकलं होतं : ट्रिगवेल साबण,
आणि खाली वर्तुळात एक मधमाशी.
राणी तरी सरळ बघत होती,
थोबाडीत खाऊन न रडणाऱ्या मुलीसारखी.

माझी स्वतःची धड पेनी मी पिशवीत टाकली
आणि ही ठेवून घेतली.
हिशेब कधी एका पेनीनं चुकला नाही.
हवं तर डेपोत विचारा.

मग येत गेल्या एकेक.
ग्रॅब्रूक कोको. पेंटेकॉस्ट, छत्र्या दुरुस्त करून मिळतील.
खोकल्याचं एक औषध, नाव अर्धंच उमटलेलं,
उरलेलं बहुधा खोकल्यात गेलं.

काय हिशेबी माणसं होती!
भिंत रंगवली तर भाडं पडतं,
वर्तमानपत्रात उद्या मासे गुंडाळतात.
नाणं बिनपगारी चालतं,
गुत्त्यातून चर्चच्या थाळीत,
थाळीतून गॅसच्या मीटरमध्ये.
साबण घ्यायला ज्याच्याकडे पैसा नाही
त्याच्याही मुठीत साबणाची जाहिरात.

नाण्यांचे व्यापारी मिस्टर फनेल
असली नाणी दाराजवळच्या बशीत टाकत.
"चेहरा बिघडला की बट्टा लागतो, डल्सी.
बायकांना मत द्या असं ठोकलेली मिळाली तर आण,
तिचे पाच पौंड देईन."
होती माझ्याकडे एक.
दाखवली नाही.

ट्रिगवेलच्या एकतीस जमल्या.
नाणं कधी पाडलं ते राणीखाली लिहिलेलं असतं,
ठोकलं कधी ते कुठंच नाही.
मी त्यांचा क्रम माशीवरून लावला :
आधी दोन्ही पंख धड,
मग उजव्या पंखाला केसाएवढी चीर,
मग पंख तुटका,
शेवटी नुसतं एक बोंड, माशी म्हणायची म्हणून.
एकीवर दोनदा ठोकलंय, तिरपं.
ती शनिवारची असणार.

आईला दाखवल्या, तिला मौज वाटेल म्हणून.
चौदाव्या वर्षी ती ट्रिगवेलच्या गोदामात
वड्या कागदात गुंडाळायची.
तिनं एक पेनी नाकाशी नेली,
ॲप्रनला पुसली आणि पालथी ठेवली.

"पगारात हेच द्यायचे," ती म्हणाली.
"बारातल्या चार-पाच तरी अशा.
पाववाला बाँड काउंटरवर वाजवून बघायचा,
म्हणायचा, बँक कुरकुरते,
आणि दोन पेन्यांची एक धरायचा.
शिवाय साबण आम्हाला विकतच."

मी डबा मिटला.
इतकी वर्षं मी माशीचे पंख मोजत होते.

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत जुनी नाणी जाणार ठरलं.
लोक बरण्या, मोजे, चहाच्या किटल्या भरभरून
बँकेत रांगा लावून उभे.
मी डबा काढला. मोजल्या तर तीस.
पलंग सरकवला, गालिचा झटकला,
मिस्टर फनेलवरसुद्धा संशय घेतला, देव क्षमा करो.

आई खिडकीशी बसून बन खात होती.
मनुकांचा, वरून साखर लावलेला,
दात नसलेल्या बाजूनं, सावकाश.

"बाँडकडून आणला," ती म्हणाली.
"आता त्याचा नातू बसतो.
तीन साध्या दिल्या, आणि एक ती, दोन पंखांची.
ट्रिगवेल वर करूनच ठेवली काउंटरवर."

मग?

"मग काय. चार धरल्या त्यानं."
आणि तिनं बोटाची साखर चाटली.