तीन फुटांवर

शाळा उघडायला पाच दिवस.
दोन महिने तापून कुलूप इतकं हट्टी झालंय
की यमुबाई त्यात खोबरेल सोडते, फुंकर घालते,
आणि दाराला समजावते,
"उघड न बाप्पा, पोट्टे येऊन राहिले."

आत कोंडलेला अख्खा मे महिना.
खडूची भुकटी, पालीच्या अंड्यांची टरफलं,
पंख्याच्या वाटीवर कबुतरानं मांडून सोडलेला संसार:
चार काड्या, केरसुणीचा एक हीर,
कुणाच्या तरी राखीची जर.

आधी सगळं बाहेर.
व्हरांड्यात बाकं उलटी पडली तेव्हा
त्यांच्या पोटाला चिकटलेले चिंचोके दिसले,
आणि खडूनं काढलेली एक बस,
ड्रायव्हर नाही,
पण खिडकीखिडकीत डोकी.
कपाटात एकच मोजा.
त्याच्या जोडीदारासाठी नोव्हेंबरात
मी सगळ्यांची दप्तरं उपसली होती.

तक्त्यावर 'अ' अननसाचा.
अकरा वर्षं शिकवतेय अननस,
टिमकीतल्या ह्या गल्लीत कुणी कापलेला पाहिला नाही.
'ध'चं धनुष्यही उतरवलं.
तर शेजारचे देवाजी पराते घरी गेले
आणि धोटा घेऊन आले, खराखुरा,
दोन्ही टोकांना पितळ, मधे हातांनी झिजून गुळगुळीत.
"ठेवा. मागावर आता कूलर आहे आमच्या."
'ध'खाली सुतळीनं बांधला.
टोचेल कुणाला, म्हणाली यमुबाई.
टोचेल, म्हटलं. मग लक्षात राहील.

शकीलभाई रंगारी.
खालचे चार फूट ऑइलपेंट, आकाशी,
हात पुसले तरी पुसता यावेत म्हणून.
वर साधा चुना, कारण पैसे तेवढेच.
"खुंट्या कुठं ठोकू, मॅडम? पाच फूट?"
पाच फुटांवरच होत्या.
म्हणून दप्तरं जमिनीवर,
म्हणून माझं ओरडणं, अकरा वर्षं.

मी गुडघ्यांवर बसले.
गुडघे बोलले, यमुबाई हसली.
इथून माझं टेबल म्हणजे भिंत.
बटणं आभाळात गेलेली.
महाराष्ट्राच्या नकाशात फक्त सिंधुदुर्ग हाताशी,
नागपूर उडी मारूनही लागत नाही.
फळ्याचा वरचा अर्धा भाग
मी कुणासाठी लिहीत होते कोण जाणे.

आणि खिडकीच्या कट्ट्याखाली, पेन्सिलनं:
मी हीते बसतो.

'ब'च्या पोटातली रेघ उलटी.
अशी एकच जण काढत असे, वेदू निनावे.
दिवाळीत बापासोबत बुटीबोरीला गेला,
कंपनीच्या खोल्यांत.
दाखला न्यायला अजून कुणी आलं नाही.
'हीते' मी दोनदा लाल शाईनं सुधारलं होतं.

शकीलभाईंचा ब्रश तिथवर आला, थांबला.
"मारू का हे बी?"

मी म्हणाले, मारा.
भिंत स्वच्छ हवी, तपासणी असते,
शिवाय प्रत्येकानं लिहायचं म्हटलं तर.
ब्रश डब्यात बुडला, वर आला,
डब्याच्या काठावर निथळत राहिला.
मग मीच म्हणाले, थांबा.

त्यांनी काही विचारलं नाही.
चिकटपट्टीचे चार तुकडे लावले,
भोवतीनं रंगवलं,
वाळल्यावर पट्टी ओढली.
आकाशी भिंतीत जुन्या पिवळ्याची एवढीशी खिडकी.

संध्याकाळी खुंट्या झाल्या, तीन फुटांवर,
दाराकडून खिडकीपर्यंत.
शकीलभाईंनी मोजल्या. एकतीस.
"यादीत तर तीस नावं होती, मॅडम.
हिशेब चुकला माझा. काढू एक?"

मी खडूची पेटी शोधत होते,
किंवा शोधल्यासारखं करत होते.

यमुबाईनं ओलं फडकं पिळलं,
शेवटच्या खुंटीला अडकवलं.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाली,
"मले लागते."